जेनेरिक रिपॉझिटरीने कोड वाचतो, पण क्वेरी कोण वाचणार?

धागाकर्ता:
एंटिटी फ्रेमवर्क कोअरवर (डॉटनेटची डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) स्वतःची जेनेरिक रिपॉझिटरी (सगळ्या टेबलांचा डेटा आणणारा-ठेवणारा सामायिक क्लास) चढवणं आता थांबवावं, असं माझं ठाम मत आहे. त्यातला टेबलाशी बोलणारा डीबीसेट हीच रिपॉझिटरी आणि सगळे बदल एकत्र सेव्ह करणारा डीबीकॉन्टेक्स्ट हेच युनिट ऑफ वर्क. त्यावर गेटऑल, गेटबायआयडीची आणखी एक गवसणी कशाला?

मागच्या प्रोजेक्टात बिलांची यादी उघडेपर्यंत अकाउंट्सच्या ताई चहा घेऊन परत यायच्या. यादीत दाखवायचं काय, तर नंबर, तारीख, रक्कम. लॉग पाहिला तर क्वेरीत अटच नाही! गेटऑल आयइन्यूमरेबल (मेमरीत गाळली जाणारी यादी) देत होतं, त्यामुळे पुढे लावलेलं व्हेअर, म्हणजे गाळायची अट, डेटाबेसपर्यंत पोचतच नव्हतं. अख्खं टेबल मेमरीत, आणि त्याच टेबलात प्रत्येक बिलाची पीडीएफसुद्धा. व्हेअर थेट डीबीसेटवर लावलं, सिलेक्टने ३ कॉलमचा छोटा रेकॉर्ड घेतला, आणि यादी लगेच उघडू लागली. एंटिटीच (टेबलातल्या ओळीचा पूर्ण ऑब्जेक्ट) नाही, म्हणून चेंज ट्रॅकिंगचा, म्हणजे तिच्या बदलांवर नजर ठेवण्याचा, भारही गेला.

प्रतिसाद १:
नाही पटलं. चूक आयइन्यूमरेबलची, शिक्षा रिपॉझिटरीला. आमच्याकडे कंपनीआयडीची अट त्या एकाच क्लासमध्ये आहे. नवीन मुलं ती विसरली तर एका ग्राहकाची बिलं दुसऱ्याला दिसतील.

धागाकर्ता:
त्यासाठी कोअर २.० पासून हॅजक्वेरीफिल्टर आहे, ते अशी अट क्वेरींना आपोआप लावतं. आणि आयक्वेरिएबल (अजून न चालवलेली क्वेरी) बाहेर दिलंत, तर क्वेरी कुठेही वाढत जाते, मग रिपॉझिटरी झाकते काय?

प्रतिसाद २:
हॅजक्वेरीफिल्टर डॅपरला (हाताने लिहिलेलं एसक्यूएल चालवणारी वेगळी लायब्ररी) लागू होत नाही, हे विसरू नका. आमचे सगळे रिपोर्ट डॅपरवर आहेत. शिवाय टाइप्ड रिझल्टवर, म्हणजे ठरलेल्या क्लासात भरून आलेल्या डेटावर, एवढा भरवसा नको. डॅपर कॉलमच्या नावावरून प्रॉपर्टी भरतं. कोणीतरी एसक्यूएलमध्ये 'टोटलअमाउंट'चं 'टोटल' केलं. ना कंपाइलर बोलला, ना एक्सेप्शन आलं. रिपोर्टात सगळ्या रकमा शून्य, आणि ते आम्हाला ग्राहकाने फोन करून सांगितलं.

धागाकर्ता:
हे शंभर टक्के मान्य. हाताने लिहिलेल्या एसक्यूएलला खऱ्या डेटाबेसवरची टेस्ट हवीच. २०२३ च्या कोअर ८ पासून एसक्यूएलक्वेरी या मेथडला मॉडेलमध्ये मॅप न केलेला टाइपही चालतो, आणि तिथे कॉलम सापडला नाही तर एक्सेप्शन येतं. निदान गप्प तरी बसत नाही.

प्रतिसाद १:
याद्या आणि रिपोर्टांसाठी वेगळ्या टाइप्ड क्वेरी लिहायला मी तयार आहे, 'थकीतबिलं' असं नाव देऊन. पण ॲड-अपडेटचा जेनेरिक क्लास मी काढणार नाही. ऑडिटची, म्हणजे कोणी काय बदललं याची, नोंद तिथेच पडते.

धागाकर्ता:
ऑडिट सेव्हचेंजेसच्या इंटरसेप्टरमध्ये (सेव्ह होताना आपोआप चालणारा कोड) हलवून बघा. मग त्या क्लासमध्ये काय उरतं, ते इथे येऊन सांगा.