व्हीटीवर गोठवण्याचा उपचार : तुलनेच्या गटाशिवाय झालेली चाचणी पुरेशी आहे का?

रानवाट :
हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या भिंतीत व्रण राहतो. त्यातल्या जिवंत राहिलेल्या तंतूंमधून वीज गोल गोल फिरायला लागली की व्हीटी, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया : हृदयाचे खालचे कप्पे जीवघेण्या वेगानं धडधडतात. नेहमीचा उपाय म्हणजे कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयात नेऊन ती जागा जाळणं; भिंत जाड असेल तर जाळलेलं खोलवर पोचत नाही. अडाजिओ मेडिकल या कंपनीने नायट्रोजनवर चालणारा, उणे १९६ अंशांपर्यंतची थंडी वापरणारा कॅथेटर काढला. युरोप आणि कॅनडात झालेल्या क्रायोक्युअर-व्हीटी चाचणीत ६४ रुग्ण होते. सहा महिन्यांनी साधारण ६० टक्के लोकांना व्हीटी परत आली नव्हती. पण सगळ्यांनाच गोठवलं, तुलनेला कुणीच नाही. तरीही २०२४ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. मला हे घाईचं वाटतं.

सावनी_के :
घाई? माझ्या काकांना आयसीडी आहे, म्हणजे ठोके बिघडले की आतूनच शॉक देणारं छातीत बसवलेलं यंत्र. एका रात्री लागोपाठ शॉक बसले, घोड्यानं छातीत लाथ मारावी तसे. नंतर कितीतरी दिवस ते आंघोळीला दाराची कडी लावत नव्हते, काकू बाहेर स्टूल टाकून बसायची. ठोके ताब्यात ठेवायच्या अमिओडॅरोन या औषधानं थायरॉइड बिघडलं. जाळूनही झालं, व्हीटी परत आली. अशा माणसाच्या नावानं चिठ्ठी टाकून त्याला पुन्हा जाळायच्या गटात घालणार तुम्ही?

रानवाट :
काकांचं वाचून वाईट वाटलं. तरी कास्ट चाचणी आठवा. अटॅकनंतरचे जादा ठोके फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडनं कमी व्हायचे, म्हणून डॉक्टर ती सर्रास देत. तुलना केली तेव्हा गोळी घेणाऱ्यांत ६३ आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २६ मृत्यू निघाले. ठोके सुधारले म्हणजे माणूस वाचला असं होत नाही.

धमनी :
एक तांत्रिक मुद्दा. गोठताना कॅथेटरचं टोक स्नायूला चिकटतं, धडधडत्या हृदयातही घसरत नाही. जाळताना टोक थंड ठेवायला सलाइन सोडावं लागतं, ते पाणी कमजोर हृदयाला झेपेलच असं नाही. हा फायदा खरा आहे. मात्र थंडी खोल जाते म्हणजे शेजारची कोरोनरी धमनी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी वाहिनी, हीसुद्धा तिच्या टप्प्यात येऊ शकते.

सावनी_के :
मग गट पाडा, पण ज्यांचं पहिल्यांदाच अ‍ॅब्लेशन, म्हणजे ती जागा जाळणं किंवा गोठवणं, होतंय त्यांच्यात. तिथे निम्म्यांना जाळलं, निम्म्यांना गोठवलं तर कुणावर अन्याय नाही. ज्यांचं एकदा जाळून फसलंय त्यांना थेट गोठवू द्या.

रानवाट :
हे मान्य. गोळ्या की अ‍ॅब्लेशन, याची तुलना व्हॅनिश-२ या चाचणीत ४१६ रुग्णांवर झालीच की, २०२४ साली निकाल आला. म्हणजे गट पाडणं जमतं. फसलेल्यांना थेट गोठवलं तरी प्रत्येकाची नोंद हवी, आणि सहा महिन्यांवर थांबू नये. शॉक किती बसले आणि किती जण जगले, हे निदान दोन वर्षं बघायला हवं.

सावनी_के :
नोंद ठेवा, जरूर ठेवा. पण ती दोन वर्षं पुरी होईपर्यंत दार बंद ठेवायला माझा विरोध कायम आहे.