वाडा, विहीर, पिंपळ सोडून हॉरर गेमला जागाच नाही म्हणे!

मळीकर
कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय: 'मराठी हॉरर गेमला जागा तीनच. वाडा, विहीर, पिंपळ. बाकी सगळं परदेशी स्टुडिओंनी वापरून चोथा केलंय.' चोथ्यावरूनच बोलू मग.

गळीत हंगामातला साखर कारखाना घ्या, तिसरी पाळी. ऊस गव्हाणीत पडतो, मिलमधून पिळून निघतो, उरलेला बगॅस पट्ट्यावरून थेट बॉयलरला. म्हणजे ऊस थांबला की बगॅस थांबला, वाफेचा दाब उतरला, दिवे मंद होत गेले, शेवटी वीज देणारं टर्बाइन ट्रिप, अंधार. खेळाडूला उजेड हवा असेल तर गव्हाण चालू ठेवायची, आणि ती चालू असली की त्या धडधडीत मागून कोण येतंय ते ऐकू येत नाही. वाड्यातल्या कंदिलाला असा पेच आहे का?

दुसरं, डिस्टिलरीतली किण्वन टाकी. मळी आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, तळाशी साचतो, दिसत नाही. हवेत १० टक्के झाला की माणूस काही मिनिटांत आडवा. प्रत्येक हॉरर गेम शिकवतो, खाली बसलात की वाचलात. इथे खाली बसलात की मेलात.

रेंडरबाबा
गंजके पाइप, जाळीचे जिने, पिवळे दिवे. प्रत्येक अ‍ॅसेट पॅकमध्ये, म्हणजे तयार मॉडेलच्या संचात, हाच कारखाना पडलेला असतो, फक्त उसाची मोळी नसते. आणि 'कामाची जागा' हा शोधही तुमचा नव्हे. 'स्टिल वेक्स द डीप' हा गेम २०२४ मध्ये आला, १९७५ सालच्या तेलाच्या रिगवर.

शिवाय दिवे हळूहळू मंद होणार म्हणता, म्हणजे बेक करता, उजेड आधीच मोजून साठवता, येणार नाही. पॉइंट लाइटची, म्हणजे चहूकडे उजेड टाकणाऱ्या दिव्याची, सावली काढायची तर सहा दिशांना सहा वेळा सीन काढावा लागतो. असे चाळीस दिवे मिल हाऊसमध्ये लावा, मग बॉयलरआधी ग्राफिक्स कार्ड ट्रिप होईल.

मळीकर
बंद पडलेला कारखाना मी म्हटलेलाच नाही, नीट वाचा. पॅकमधले कारखाने मेलेले असतात, हा चालू आहे. रिगचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं. तैवानच्या रेड कँडल स्टुडिओने २०१९ मध्ये 'डिव्होशन' हा गेम १९८० च्या दशकातल्या तैपेईतल्या एका साध्या फ्लॅटमध्ये केला. तैवानचा फ्लॅट चालतो, आपला कारखाना नाही?

दिव्यांचं म्हणाल तर छताला टोपीवाले दिवे असतात, खाली तोंड करून. स्पॉट लाइट लावा, एकाच दिशेची सावली. बाकीच्यांसाठी भरउजेड आणि अंधार असे दोन लाइटमॅप (साठवलेल्या उजेडाचे नकाशे) बेक करून दाबाच्या आकड्यावर मिसळा. रिफ्लेक्शन प्रोब, म्हणजे साठवलेली प्रतिबिंबं, मात्र विसरू नका. नाहीतर दिवे गेल्यावरही ओल्या फरशीवर ते चमकत राहतात, आणि सगळी भीती तिथेच संपते.

रेंडरबाबा
बरं, मास्तर. आता चालमार्ग. खऱ्या मापाने ८० सेंटीमीटरचा करा आणि एजंटची, म्हणजे चालणाऱ्या राक्षसाची, त्रिज्या ०.५ मीटर ठेवा. नेव्हमेश, म्हणजे त्याला चालता येईल अशा जागेचा नकाशा, दोन्ही कडांनी अर्धा-अर्धा मीटर आत सरकतो, उरतं शून्य. तुमचा राक्षस जिन्याखाली उभा राहून भिंतीकडे बघत बसेल. त्रिज्या ०.३ करा, नाहीतर मार्ग सव्वा मीटरचा. शिडीला नेव्हमेशमध्ये वेगळी लिंक (जोड) लागते, ती आपोआप येत नाही.

पिंपळपान
कारखाना ठीक, पण राक्षस कोण? वेताळ टाका की बॉस म्हणून. हातात मशाल, मागे भुतांची पालखी. तयार माल आहे!

वेंगुर्लेकर
झालं! वाटच बघत होतो. वेताळ म्हणजे आमचा वेतोबा. कोकणातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक केळीचे घड आणि हातभर लांब चामड्याच्या चपला वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. ते ग्रामदैवत आहे, तुमच्या तिसऱ्या लेव्हलचा गुंड नव्हे. देवचार या दुसऱ्या राखणदाराचीही हीच कथा. राखणदाराला गेममध्ये शिंगं लावून मोकळे! गिऱ्हा (पाण्यातलं भूत), हडळ, मुंजा सगळे एकाच पोत्यात, वर लेबल 'कोकण पॅक'.

पिंपळपान
अहो, गेम आहे, गावऱ्हाटी (गावच्या देवांची रीत) नाही. भावना दुखावतात म्हणून सगळंच सोडायचं तर शेवटी झॉम्बीच उरतात.

वेंगुर्लेकर
सोडा कोण म्हणतंय? अभ्यास करा म्हणतोय. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधीच गेलेला पोरगा. त्याला दाढी असलेलं मॉडेल देऊन ठेवतात!

मळीकर
धागा कारखान्याचा आहे, राव.

वेंगुर्लेकर
होता. तरी फुकट एक घ्या: राखणदाराला शत्रू करू नका, नियम करा. वाटेवर चपला दिसल्या आणि तळवे झिजलेले असले तर इथून पुढे राखण आहे, कोरे असले तर पुढे तुमचे तुम्ही. पाच सेकंद वाकून बघावं लागेल.

पिंपळपान
हे बरं आहे. तुम्ही म्हणताय म्हणून नव्हे, मॉडेल कमी लागतं म्हणून.

मळीकर
कारखान्यात नको. गव्हाणीजवळच्या बैलगाडी तळावर ठेवा फार तर. आणि वाकायला लावताय, तर ती जागा टाकीपासून लांब हवी.

रेंडरबाबा
तळ उघड्यावर आहे, म्हणजे अजून दिवे. कारखाना मान्य, पण एकच मिल आणि दोनच मजले. देवाचं तुम्ही दोघं वेगळ्या धाग्यात मिटवा.