गन कॅमेऱ्यातली वर्तुळांची काच काढावी का?

फिरकी (धागाकर्ता): थॉर्नटन-पिकार्डचा मार्क ३ हाइथ कॅमेरा इथे बहुतेकांना माहीत असेलच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानांतल्या मशीनगनवाल्यांना नेम शिकवायला लुईस गनच्या घडणीचा बनवला होता. चाप ओढला की गोळीऐवजी फोटो. फिल्मपुढच्या काचेवर एकात एक वर्तुळं आखलेली, ती फोटोवर उमटतात. एका संग्राहकाने ‘फोटो स्वच्छ यावेत’ म्हणून ती काचच काढून ठेवली आणि वर फुशारकी मारतोय. मला हे अजिबात पटत नाही. त्या काचेशिवाय उरतं काय? बंदुकीच्या आकाराचा एक गैरसोयीचा कॅमेरा!

जुनं_भिंग: असहमत. काच फोडली नाही ना, जपून ठेवलीय? मग परत बसवता येईल. याला लागणारी १२० ची रोल फिल्म आजही मिळते, तर वापरू द्या की. कपाटात बंद ठेवून शटर आखडून जातं, त्याचं काय?

फिरकी: वापरायला कुठे ना आहे? काचेसकट वापरा. यातला चांगला फोटो कुठला, ते बघा: विमान मधोमध आलं तर बहुधा नेम चुकलेला! आडवं जाणारं विमान केंद्रापासून बाजूला, पण तोंड केंद्राकडे, असं हवं. कारण गोळी पोचेपर्यंत ते पुढे सरकणार. किती पुढे नेम धरला होता, ते वर्तुळांवरून कळायचं. ती काढली की शिकवणारा मास्तरच वर्गाबाहेर.

ढगफोड्या: दोघेही भाबडे आहात. निम्मे लोक हे बंदुकीच्या आकारासाठीच घेतात, भिंग कुठलं हेसुद्धा विचारत नाहीत. जपानी रोकुओशा कंपनीच्या टाइप ८९ या गन कॅमेऱ्याचं तेच. ३५ मिमी फिल्म, हेक्सार लेन्स, चावीवर चालणारी यंत्रणा... आणि चर्चा कशाची, तर दस्त्याची! (मैदानात नेताना जपून हो. लांबून लोकांना बंदूकच दिसते.)

जुनं_भिंग: आकारासाठी घेतला तर बिघडलं काय? तोच आकार हातात बसावा म्हणून तर तो तसा बनवला. आणि फिरकीशेठ, आज कोण कोणावर नेम धरतंय? मला झाडावरच्या घारीचा फोटो हवाय, गुणपत्रिका नको.

फिरकी: मग घारीसाठी दुसरा कॅमेरा घ्या, ढिगाने मिळतात. आणि ‘परत बसवता येईल’ म्हणता, पण काच वेगळ्या डबीत आणि कॅमेरा दुसऱ्याला विकला, की संपलं. नवा मालक ती शोधणार कुठे?

ढगफोड्या: हे मात्र मान्य. डबी कॅमेऱ्याला बांधूनच ठेवा.

जुनं_भिंग: बांधतो. पण घारीचा फोटो काढणारच.