सूर्याचे न्यूट्रिनो कमी भरले, तेव्हा दोष सूर्याच्या गणितात नाही हे कसे ठरले?

प्रश्न

रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतील होमस्टेकच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, सौर न्यूट्रिनो (सूर्याच्या गाभ्यातील केंद्रकीय क्रियांत तयार होणारे, पदार्थातून जवळजवळ न अडता जाणारे सूक्ष्म कण) मोजले आणि ते भौतिकशास्त्रज्ञ जॉन बाकॉल यांनी सूर्याच्या प्रतिमानावरून केलेल्या गणिताच्या जेमतेम एक तृतीयांश भरले. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार (इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ या तिन्हींपैकी) बदलतात, हे त्याचे कारण सांगितले जाते. माझे अडते ते इथे: सूर्याच्या गाभ्याचे तापमान काही टक्क्यांनी कमी धरले असते, तरी ही तूट बरीचशी भरून निघाली असती. मग सूर्याचे प्रतिमान निर्दोष आहे, हे कोणत्या पुराव्यावर ठरले? शिवाय डेव्हिस यांची मोजणीच चुकली नव्हती कशावरून?

प्रतिसाद १

शेवटची शंका आधी घेतो. डेव्हिस यांच्या खाणीतील टाकीत सुमारे ६१५ टन परक्लोरोइथिलीन हा क्लोरीनयुक्त द्रव होता. त्यातील क्लोरीनच्या अणूने न्यूट्रिनो टिपला की त्याचा किरणोत्सारी आर्गॉन-३७ होतो, आणि असा अणू सरासरी दोन दिवसांत एखादाच तयार होई. काही आठवड्यांनी टाकीत हेलियम खेळवून ते मोजके अणू बाहेर काढायचे आणि छोट्या गणकनळीत त्यांचा ऱ्हास टिपायचा, अशी ती पद्धत होती. टाकीत मोजून सोडलेला आर्गॉन जवळजवळ सगळा परत हाती येतो, याची खात्रीही त्यांनी करून घेतली होती. इतक्या चिकाटीचे प्रयोग मला फार थोडे माहीत आहेत.

मात्र ही टाकी केवळ इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो ओळखत असे. कोडे सुटले ते कॅनडातील सडबरी वेधशाळेच्या १००० टन जड पाण्यात, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम (केंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन) असलेल्या पाण्यात. न्यूट्रिनोमुळे ड्यूटेरियमचे केंद्रक फुटून दोन प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन निघाला, तर तो न्यूट्रिनो इलेक्ट्रॉन-प्रकारचाच असतो. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन नुसते सुटे झाले, तर तो तिन्हींपैकी कोणताही असू शकतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे १७.६ लाख भरले, तर तिन्ही मिळून सुमारे ५०.९ लाख, आणि हा दुसरा आकडा सौर प्रतिमानाशी जुळला. सूर्य थंड असता, तर दोन्ही मापे कमी भरली असती, पण एकमेकांशी जुळली असती.

प्रश्नकर्ता

शेवटच्या वाक्याने माझी गाठ सुटली, आभारी आहे. म्हणजे वाटेत तिन्ही प्रकारांत समान वाटणी होते, म्हणून एक तृतीयांश, असे समजावे का?

प्रतिसाद २

तसे समजू नये. हा योगायोग पुष्कळांना फसवतो. सडबरीला दिसलेले न्यूट्रिनो गाभ्यात तयार होणाऱ्या बोरॉन-८ या किरणोत्सारी अणूच्या ऱ्हासातून निघालेले, जास्त ऊर्जेचे होते. गाभ्यातील इलेक्ट्रॉनांच्या दाटीमुळे ते सूर्याबाहेर पडतानाच बहुतांशी एका ठरावीक वस्तुमान-अवस्थेत (ठरावीक वस्तुमानाच्या, तिन्ही प्रकारांचे मिश्रण असलेल्या अवस्थेत) असतात, आणि त्या अवस्थेत इलेक्ट्रॉन-प्रकाराचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आहे. कमी ऊर्जेच्या न्यूट्रिनोंवर या दाटीचा परिणाम फारसा होत नाही. त्यामुळे इटलीतील बोरेक्सिनो प्रयोगाने दोन प्रोटॉनांच्या संमीलनातून निघणारे न्यूट्रिनो मोजले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक इलेक्ट्रॉन-प्रकारचेच राहिलेले आढळले.