क्षेत्रफळ भरतं, जाडी नाही

‘उन्हाळ्यात वितळलेला आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ हिवाळ्यात भरून येतोच, मग काळजी कशाला’ असं म्हटलं जातं. अर्धंच बरोबर आहे. पुण्यात माझ्या मामांचा बर्फाचा कारखाना होता. मिठाच्या थंडगार पाण्याच्या हौदात गोड्या पाण्याचे डबे सोडायचे. कडेचा बोटभर थर बघता बघता धरायचा, मधला गाभा गोठायला मात्र रात्र सरायची, कारण उष्णतेला आधी धरलेल्या बर्फातूनच बाहेर पडावं लागतं. समुद्रातही तेच. खारं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं. पातळ बर्फ भराभर वाढतो, जाड झाला की रेंगाळतो. त्यामुळे क्षेत्रफळ बरंचसं भरतं, पण अनेक उन्हाळे टिकलेल्या बर्फाची जाडी एका हिवाळ्यात येत नाही.

त्यात वरून हिम साचलं की ती गोधडीच, खालची उष्णता बाहेर पडू देत नाही. आणि वारा विसरू नका. फेब्रुवारी २०१८मध्ये अलास्का आणि रशियामधल्या बेरिंग समुद्रावर दक्षिणेकडून उबदार वारे आले आणि ऐन थंडीत बर्फ वाढायचा सोडून मागे हटला. त्या हिवाळ्यात तिथला बर्फ उपग्रहांच्या नोंदींमध्ये तोवरचा सर्वांत कमी होता. ऐन हिवाळ्यातही बर्फ असा मागे हटू शकतो, मला खरी धास्ती याची वाटते.