तरणतलावासाठी गॅस हीटर: किती किलोवॅटचा?

प्रश्न: तलाव ८ × ४ मीटर, सरासरी खोली १.४ मीटर. फक्त शनिवार-रविवारी पाणी १८ वरून २८ अंशांवर न्यायचं आहे. केवढा हीटर लागेल? जोडणी कुठे करायची?

उत्तर १: पाणी साधारण ४५,००० लिटर, म्हणजे १० अंशांसाठी सुमारे ५२० किलोवॅट-तास उष्णता. ६० किलोवॅटचा हीटर ९ तास घेईल. वारा असेल तर जास्तच. हीटरच्या पाटीवर गॅसचा खप आणि पाण्याला मिळणारी उष्णता असे दोन आकडे असतात, त्यातला दुसरा बघा. आणि तलावावर घालायचं कव्हर घ्याच! बहुतेक उष्णता बाष्पीभवनातून जाते.

उत्तर २: क्रम असा: पंप, फिल्टर, हीटर, शेवटी क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र). हीटर आणि क्लोरिनेटरच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) हवाच. नाहीतर पंप थांबल्यावर क्लोरीनचं तीव्र पाणी मागे येतं आणि हीट एक्स्चेंजरचं, म्हणजे हीटरमध्ये पाणी तापवणाऱ्या नळ्यांचं, तांबं खातं. याच कारणासाठी स्किमरमध्ये (तलावाच्या काठावरचं, पाणी पंपाकडे ओढणारं तोंड) क्लोरीनच्या गोळ्या नकोत. पीएच ७.२ ते ७.८ ठेवा.

प्रश्नकर्ता: स्वयंपाकघराची गॅसलाइन पुरेल का?

उत्तर १: बहुधा नाही. पाइप बारीक पडला की दाब घसरतो, ज्योत नीट धरत नाही, हीटर लॉकआउटला जातो, म्हणजे सुरक्षेसाठी स्वतःच बंद होतो. लांबीनुसार व्यास परवानाधारक फिटरकडूनच ठरवून घ्या.

उत्तर २: गॅस ठीक असूनही हीटर बंद पडला, तर आधी फिल्टर धुवा. पाण्याचा प्रवाह कमी झाला की हीटरमधला प्रेशर स्विच बर्नर पेटूच देत नाही. तो स्विच बायपास करू नका.