मदत हवी आहे: नवा क्वार्टरबॅक उतरवू की म्हाताराच ठेवू?

शार्लटकर: लवकर सांगा, आज रात्रीच ठरवायचंय. अमेरिकन फुटबॉल आहे; क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य गडी. ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत घेतलेला पोरगा बाकावर बसलाय, छत्तिशीचा म्हातारा खेळतोय. तीन जिंकल्या, पाच हरल्या. मालक तापलाय. पोराला उतरवलं तर हा सीझन हातचा जाईल, नाही उतरवलं तर तो शिकणार कधी?

टेक्सासवाले: आधी ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी, कशी आहे ते सांगा. ह्यूस्टनने 2002 मध्ये डेव्हिड कारला पहिल्याच सामन्यापासून उभं केलं. त्या मोसमात 76 सॅक, म्हणजे चेंडू हातात असतानाच 76 वेळा पाडला! पोराची वाट लागते अशाने.

इंडीचा_भाऊ: तेच उदाहरण किती वेळा देणार? पेटन मॅनिंगने पहिल्या मोसमात, 1998 मध्ये, 28 इंटरसेप्शन दिले (फेकलेला चेंडू विरोधकांच्या हाती), त्याचा संघ कोल्ट्स 3-13, म्हणजे 3 जिंकल्या, 13 हरल्या. पुढच्या वर्षी 13-3. बिनधास्त उतरवा.

टेक्सासवाले: मॅनिंग टेनेसी विद्यापीठात चार वर्षं खेळून आला होता. कॅन्सस सिटीचा माहोम्स बघा. 2017 भर अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे, फक्त शेवटचा सामना मिळाला. 2018 मध्ये 50 टचडाउन पास आणि एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू).

इंडीचा_भाऊ: कारण स्मिथ जिंकून देत होता! इथे म्हातारा हरतोय.

चौकस: पण हा संघ कुठला? मालक म्हणजे कोण?

शार्लटकर: अहो, मॅडन! फुटबॉलचा व्हिडिओ गेम. फ्रँचायझी मोड, म्हणजे अख्खा संघ आपणच चालवायचा. अजून काय असणार?

चौकस: मग पोराचा डेव्हलपमेंट ट्रेट (गेममध्ये तो किती वेगाने सुधारेल ती श्रेणी) सांगा. नॉर्मल असेल तर घाई करण्यात अर्थ नाही. स्टार किंवा वरचा असेल तर खेळवल्याशिवाय एक्सपी (अनुभवाचे गुण) कुठून येणार?

मृण्मयी_एनजे: अवांतर आहे, पण मुलगा टॅकल फुटबॉलसाठी (अंगावर झेप घेऊन पाडायचा) हट्ट धरून बसलाय. मी त्याला फ्लॅग फुटबॉलला घातलं, त्यात पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही आहे तो खेळ.

इंडीचा_भाऊ: ताई, उत्तम केलंत. शार्लटकर, रुकी (नवख्या खेळाडूचा) करार चारच वर्षांचा, पाचवं वर्ष क्लबच्या मर्जीवर. स्वस्तातली वर्षं बाकावर घालवू नका.

टेक्सासवाले: ग्रीन बे संघाने क्वार्टरबॅक जॉर्डन लव्हला तीन मोसम बसवलं. 2023 मध्ये उतरला आणि थेट प्लेऑफ (बाद फेरी). खेळ असो की खरी लीग, नियम तोच.

शार्लटकर: ट्रेट स्टार आहे. लेफ्ट टॅकल (त्या फळीतला डावीकडचा गडी) जायबंदी आहे, दोन आठवड्यांनी परतेल, मधे बाय वीक (सामना नसलेला आठवडा). म्हणजे म्हाताऱ्याला अजून एकच सामना, मग पोरगा. पण मालकाने त्याआधीच हाकललं तर?

चौकस: आधी सेव्ह करा, मग आठवडा पुढे न्या.